सबनीस बाई आणि बेडकीचा पाला

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला साखर असल्याचं सांगितलं आणि त्याच आठवड्यात भाचीनं प्लॅस्टिकची एक डबी आणून माझ्या हातात ठेवली. "मावशी, रोज सकाळी अर्धा चमचा घ्यायचं. एकदम नैसर्गिक आहे."

डबीवर एका वेलीचं चित्र होतं. समोरासमोर जोडीनं आलेली पानं, मधे बारीक पिवळी फुलं. चित्रकारानं पानं गुळगुळीत, चकचकीत काढली होती. खरं पान तसं नसतं. त्यावर मऊ लव असते, ती डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळते. मी डबी उघडली नाही. भाची म्हणाली, "काय गं, विश्वास नाही का?" तिला मी काय सांगणार होते! हे पान मला ज्यांनी ओळखायला शिकवलं त्या सबनीस बाईंविषयी सांगायचं तर तिला बराच वेळ बसवून घ्यावं लागलं असतं, आणि तिला गाडी गाठायची होती. ती गेल्यावर मी एकटीच बराच वेळ त्या डबीकडे बघत बसले.

मी नगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा सबनीस बाई वनस्पतिशास्त्राच्या विभागात होत्या. आमच्या दोन प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत एक दार. ते दार बंद ठेवायचा नियम होता. बाईंनी तो कधी पाळला नाही. पंचेचाळिशीच्या, उंच, हाडकुळ्या. सुती नऊवारीवर पुरुषी कॅनव्हासचे बूट घालून भिंगारहून चालत यायच्या. वडील तिथं लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. ते गेल्यावरही बाईंनी बाजारामागच्या त्या दोन खोल्या सोडल्या नव्हत्या. लग्नाविषयी कुणी चौकशी केली तर त्या विचारणाऱ्यालाच त्याच्या घरची खुशाली विचारत, आणि तीही इतकी खोदून खोदून, की तो माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे.

समोर आलेलं कुठलंही पान चुरगळून हुंगल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यामुळे उजव्या हाताची दोन बोटं कायम हिरवट. एकदा आमच्या प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या खांबाला बांधलेली पानंही त्यांनी अशीच तोडून हुंगली आणि वरमाईला म्हणाल्या, "आंब्याची म्हणून दिली असतील, पण ही आंब्याची नाहीत." वरमाईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

प्रात्यक्षिकाला मुलं उत्तर जुळवून आणायची. पुस्तकात जे असेल तेच नेमकं वहीत. बाई लाल पेन घेऊन विचारत, "तुला हे दिसलं?" मुलगा मान डोलवायचा. "मलाही या भिंगातून दिसत नाही. तुला कसं दिसलं?" मग त्याच्याच हातानं ते खोडून त्याला लिहायला लावत: ठाऊक नाही. "लिही. लाज वाटायचं कारण नाही. या खोलीत लिहिण्यासारखं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे." त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आपसात चेष्टेनं एकमेकांना 'ठाऊक नाही' म्हणूनच हाका मारत.

मागच्या अडगळीच्या खोलीत त्यांचे ससे होते. सशांना नावं द्यायची नाहीत असा त्यांचा दंडक होता. आमचे शिपाई दगडूमामा चोरून एकाला सोन्या म्हणत, ते ऐकलं की त्या रागवत. "नाव दिलं की हात कापतो, मामा. आणि हात कापला की त्या मुक्या जनावराला जास्त दुखतं."

ससे होते ते बेडकीच्या पाल्यासाठी. जामखेडच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरकडेला ओढ्याओढ्यानं ही वेल झाडाझुडपांवर चढलेली असते. तिचं पान चावलं की जिभेची गोडी काही वेळ मरते. जुन्या वैद्यकात साखरेच्या रोगावर तिचं नाव आहे. बाईंच्या वडिलांना हाच रोग होता. पायाला जखम झाली, ती चिघळली, आधी बोटं कापली, मग पाय. त्याविषयी बाई एवढंच म्हणत, "नाव आहे हे खरं. पण काम किती आणि कुणावर, हे कुणी मोजलेलं नाही." ते मोजणं हेच त्यांचं आयुष्य झालं होतं. सुट्ट्या लागल्या की एसटीनं जामखेडला जायचं, गोण्या भरून पाला आणायचा, सावलीत वाळवायचा, कुटायचा, त्याचा अर्क काढायचा. सशांना एक औषध टोचून मुद्दाम साखरेचा रोग लावायचा, मग अर्क पाजून कानाच्या शिरेतलं रक्त तपासायचं. रक्तातल्या साखरेची मोजणी मी करून देत असे. माझा या कामाशी संबंध तेवढाच.

हे सगळं गंभीर काम चालू असताना बाईंना एक खोड होती. प्रयोगशाळेत कुणी पाहुणा आला की त्याला एक पान चावायला द्यायचं आणि मग चिमूटभर साखर. पाहुणा चक्रावून जायचा. "अहो, ही तर वाळू!" बाई टाळी वाजवून हसत. एरवी क्वचितच हसणारी बाई त्या एका क्षणी शाळकरी पोर व्हायची. जिल्ह्याचे एक मोठे साहेब तोंडात साखर धरून असे गोंधळून उभे राहिले होते, ते मला अजून आठवतं.

हळूहळू मोजणीतून एक गोष्ट दिसू लागली. ज्या सशांचं स्वादुपिंड त्या टोचलेल्या औषधानं थोडंच बिघडलं होतं, त्यांची साखर पाल्यानं उतरायची. ज्यांचं पार जळून गेलं होतं त्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ते मरायचेच. बाईंनी हे पुन:पुन्हा करून पाहिलं. एका संध्याकाळी दारातून येऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ज्याच्यात थोडा जीव उरलाय त्यालाच हा पाला हात देतो. बाकीच्यांना नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "बाबांना दिला असता तर बहुतेक उपयोग झाला असता. त्यांना उतारवयात झाला होता." एवढं बोलून पुन्हा आपल्या खोलीत गेल्या.

मग त्यांनी गावातल्या वाचनालयात व्याख्यान दिलं. अर्ध्या व्याख्यानात पाला कुणाला उपयोगी पडेल ते सांगितलं आणि उरलेल्या अर्ध्यात कुणाला पडणार नाही ते. लहान मुलांना होणारा साखरेचा रोग हा पार जळालेल्यांतला, त्यांना इन्सुलिनच्या सुईवाचून गत्यंतर नाही, हे तर त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. दोन दिवसांनी गावातल्या एका वर्तमानपत्रात ठळक मथळा आला: 'मधुमेहावर नगरच्या प्राध्यापिकेची मात'. खाली बाईंचा फोटो आणि पहिलं अर्धं व्याख्यान होतं. दुसरं अर्धं नव्हतं. बाई तशाच उन्हातून त्या कचेरीत गेल्या. संपादकानं चहा पाजला, खुलासा छापायचं कबूल केलं, आणि तो छापलाही. चौथ्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातींच्या खाली.

तो मथळा वाचून जी माणसं आली त्यांत मिरजगावचे भानुदास होते.

पांढरा फेटा, धोतर, स्वच्छ बंडी. घरची बरी शेती असलेले, बोलायला शांत. बरोबर शकू. नऊ-दहा वर्षांची असेल, पण अंगानं सहाची वाटायची. डोळे मोठे, मनगटं काटकीसारखी. दंडांवर आणि मांड्यांवर सुया टोचून टोचून कातडी टणक झालेली. दोन वर्षांमागं पोर तहानतहान करत बेशुद्ध पडली, तेव्हा तिला नगरच्या दवाखान्यात आणली होती. तिथं सुई टोचायला भानुदास स्वतः शिकले होते.

"बाई, पेपरात वाचलं," ते म्हणाले. "सुई सुटंल का पोरीची?"

बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "नाही सुटणार. पेपरात अर्धंच आलंय. हा पाला तिच्यासाठी नाही. सुई एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

भानुदास खाली बघत राहिले. मग म्हणाले, "आमी लई आशेनं आल्तो."

"मला कळतंय," बाई म्हणाल्या.

शकूचं लक्ष टेबलावरच्या साखरेच्या बरणीकडे होतं. तिनं हळूच विचारलं, "त्यात साखर हाय का?" तिला गोड खाऊन दोन वर्षं झाली होती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एक पान उचललं, स्वतःच चावलं आणि वर साखरेची मोठी चिमूट तोंडात टाकली. तोंड वाकडं केलं. "थू! नुसती माती. बघ, तुझ्यावाचून साखरेचं काही अडलेलं नाही. ती मातीच आहे." शकू खुदकन हसली. भानुदासही हसले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "खरंच गोडी मेली?" बाई म्हणाल्या, "खरंच. पण फक्त जिभेवरची."

लघवीतली साखर तपासायचं निळं द्रावण मी त्यांना बाटलीत भरून दिलं. दिव्यावर उकळून कसं बघायचं ते बाईंनी शकूलाच शिकवलं. निळंच राहिलं तर छान, हिरवं झालं तर ठीक, पिवळं झालं तर सावध, विटकरी झालं तर धाव. शकूनं ते गाण्यासारखं पाठ केलं. त्यानंतर भानुदास महिन्या-दोन महिन्यांनी बाजाराला आले की द्रावण न्यायला येत. बाईंसाठी कधी हुरडा, कधी बोरं. बाई शकूला एकेका झाडाची पानं दाखवत, आणि शकू ती चुरगळून हुंगत असे. बोटं हिरवी होत. सशांना नाव न देणाऱ्या बाई तिला 'शकूताई' म्हणत.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस आलाच नाही.

त्या दुष्काळाविषयी पुष्कळ लिहून झालंय. मी फक्त आमच्या भिंतीपलीकडं काय झालं ते सांगते. पाल्याचा अर्क काढायचं काचेचं उपकरण तासन् तास चालतं. खाली द्रव उकळत असतो, आणि वरच्या नळीभोवती सतत गार पाणी खेळवावं लागतं. नाहीतर वाफ उडून जाते आणि सगळं काम वाया. नळ आटले तेव्हा बाईंनी स्टुलावर एक बादली ठेवली, खाली एक, मधे रबरी नळी. वरची रिकामी झाली की खालची उचलून वर ओतायची. तेच पाणी पुन:पुन्हा. मी आणि दगडूमामा मदत करायचो. पुढं टँकरच्या पाण्यासाठी कॉलेजच्या फाटकाशीच रांगा लागायला लागल्या. एक दिवस ऑफिसातले हेडक्लार्क दारात येऊन म्हणाले, "बाई, रागावू नका, पण लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही काच गार करताय."

संध्याकाळी दगडूमामा बादलीकडे बघत घुटमळले. "बाई, ह्यात औषध मिसळत न्हाई ना? घरी न्यावं म्हनतो."

"नुसती काच लागलीय त्याला. न्या."

मामांनी दोन्ही बादल्या नेल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी उपकरण उतरवलं, पुसलं आणि कपाटात ठेवलं. सशांसाठी लसूणघास मिळेना. ते एकेक करून मरायला लागले, आणि हे मरण कुठल्याही मोजणीत धरण्यासारखं नव्हतं. उरलेले बाईंनी मामांना देऊन टाकले. मामा ते पाळतील की शिजवतील, हे त्यांनी विचारलं नाही. जामखेडकडून पाला येणंही बंद झालं. डोंगरकडेची झाडं चाऱ्यासाठी ओरबाडली गेली, तशा त्यांच्यावरच्या वेलीही गेल्या. बाई रोज येत, शिकवत आणि मधल्या वेळात रिकाम्या टेबलापुढं बसून राहत. मधलं दार उघडंच असे. मी पलीकडून बघे. त्यांच्या बोटांचा हिरवा रंग तेव्हा पहिल्यांदा गेला.

पुढचा उन्हाळा भाजून काढणारा होता. एका दुपारी भानुदास एकटेच आले. चेहरा करपलेला, अंगावर धुरळा.

"बाई, सुई टोचूनबी लालच येतंय," ते म्हणाले. "रोज लाल. पोरगी निस्ती पडून ऱ्हाती. औषदच खोटं निघालं का काय?"

बाईंनी विचारलं, "औषध ठेवता कुठं?"

"पह्यल्यापास्नं माठात. वल्या वाळूत बाटली पुरून. पन आता वाळूवर वतायला पानी कुठंय? माठ कोरडाच हाय."

बाईंच्या लक्षात आलं. इन्सुलिन उन्हात शिजून निकामी झालं होतं. त्या तडक उठल्या. पेठेतल्या औषधाच्या दुकानातून नवी बाटली आणली, बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणला, आणि स्वतःच्या थर्मासमध्ये ते सगळं भरून भानुदासांच्या हातात दिलं. सांगितलं, "औषध खोटं नाही, ते तापलं होतं. बर्फ दोन दिवसही टिकणार नाही. उद्याच्या उद्या शकूला घेऊन या. पाऊस पडेपर्यंत ती माझ्याकडे राहील. भिंगारला माझ्या शेजारी फ्रीज आहे."

"तिची आई सोडंल का..."

"आईलाही आणा. दोन खोल्या आहेत. मी स्वयंपाकघरात झोपेन."

भानुदासांनी हात जोडले. "इचारतो घरी," म्हणाले. थर्मास छातीशी धरून उन्हात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी घरी गादी घालून ठेवली होती. आठवडा गेला. बाई म्हणाल्या, "रविवारी मीच जाते." पण त्याआधी शुक्रवारी मिरजगावकडचा एक विद्यार्थी तास संपल्यावर मागं थांबला. "बाई, ती भानुदासतात्यांची शकू तुमच्याकडं यायची ना," तो म्हणाला. "ती काल गेली."

बाईंनी हातातला खडू जपून फळ्याच्या कडेवर ठेवला. मधल्या दारातून येऊन मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. मला एकटीला जमणार नाही." त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचा तो एकच प्रसंग.

मिरजगावात भानुदासांच्या दारात माणसं बसली होती. आम्हाला ओसरीवर घोंगडी टाकून दिली. शकूच्या आईनं तशातही तांब्याभर पाणी आणून ठेवलं. लांबून, डोक्यावरून आणलेलं पाणी. बाई ते प्यायल्या. नाही म्हणणं अपमानाचं झालं असतं.

हळूहळू समजत गेलं. बर्फ वाटेतच वितळला होता. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, पण पुन्हा लालच रंग यायला लागला. आई पोरीला परगावी सोडायला तयार नव्हती, आणि तिला स्वतःला घर टाकून निघता येईना. त्यात बाजारात एक माणूस वाळला पाला विकायला बसला होता. त्याच्यापुढं वर्तमानपत्राचं ते जुनं कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. भानुदासांनी विचार केला. सुई टोचूनही लाल, न टोचूनही लाल, मग पोरीला टोचायचं तरी कशाला? त्यांनी सुई बंद केली आणि सकाळ-संध्याकाळ पाला सुरू केला.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला," बाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. "हा पाला तिच्यासाठी नाही म्हणून."

"सांगितलं हुतं," भानुदास म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "पन तुमीच दावलं हुतं की बाई. माझ्या डोळ्यांम्होरं साखर मेली हुती तुमच्या तोंडात. म्या म्हनलं, तोंडात मरती तर रगतात का न्हाई मरनार?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मग आतून, उंबऱ्याच्या आडून शकूच्या आईनं विचारलं, "बाई, तिला तुमच्याकडं धाडली असती तर वाचली असती का वो?"

भानुदासांनी मान वर केली. मला वाटतं, त्या घरात सगळ्यांनी तो प्रश्न मनात धरून ठेवला होता आणि उत्तर देऊ शकेल असं माणूस आत्ता आलं होतं.

बाई म्हणाल्या, "ठाऊक नाही."

आई हळूहळू रडायला लागली. मोकळी झाल्यासारखी.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. दोन्ही बाजूंना रस्त्याकडेला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या ओळी दिसत होत्या. रुईछत्तीशी गाव मागं पडल्यावर बाई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "ठाऊक होतं."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"शंभर टक्के वाचली असती," त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात पाऊस पडला. नळाला पाणी आलं. मी एकदा म्हटलं, "बाई, उपकरण लावूया का? मी पाणी बघते." त्या म्हणाल्या, "कशासाठी?" मला वाटलं, बोलण्यात कडवटपणा असेल. तसा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. मी म्हटलं, "ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी. तुमचे वडील होते तशांसाठी." त्यांनी विचार केला आणि मान हलवली. "तसं औषध निघालं तर ते कुणाच्या घरात जाईल आणि कुणाच्या नाही, हे मला ठरवता येणार नाही. काम खरं होतं गं. त्याचं मी काय करू?"

मिरजगावच्या बाजारातला माणूस मात्र बसतच होता. बाईंनी सरकारी दवाखान्यात तक्रार केली, कचेरीत अर्ज दिला. झाडाचा पाला विकू नको असं कुणाला कसं सांगणार, असं उत्तर मिळालं. शेवटी एका बाजाराच्या दिवशी त्या स्वतःच गेल्या आणि त्याच्या शेजारी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, की हा पाला घेऊन सुई सोडू नका, लेकरांना तर देऊच नका. हे मला त्याच विद्यार्थ्यानं सांगितलं. तो जवळच उभा होता. कात्रणातला फोटो बघून लोकांनी बाईंना ओळखलं आणि गर्दी जमली. त्या काय सांगतायत ते मागच्यांना ऐकू जात नव्हतं. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "बाई सोता आल्यात म्हंजी माल खरा हाय." दुपारपर्यंत त्या माणसाचं पोतं रिकामं झालं. त्यानं उठून बाईंना वाकून नमस्कार केला.

त्यानंतर बाई प्रयोगशाळेत फारशा दिसेनाशा झाल्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना पानांचे आकार शिकवायचे आणि घरी जायचं. पाहुणे आले तर दगडूमामा सांगत, बाई नाहीत. आमच्यामधलं दार त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं. कुलूप नव्हतं, पण मी ते उघडलं नाही. पुढच्या वर्षी माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही नगर सोडलं. बाई कधी गेल्या ते मला फार उशिरा, कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. त्यांच्या कामातलं काही कुठं छापून आलं असेल तर ते माझ्या पाहण्यात नाही.

नगर सोडायच्या आधी मी त्यांना एकदा पाहिलं. आईच्या डोळ्यांसाठी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते. व्हरांड्याच्या टोकाला, स्टोव्ह ठेवलेल्या टेबलाशी बाई दिसल्या. आठवड्यातून दोनदा त्या तिथं येतात आणि खेड्यांतून आलेल्यांना सुई उकळायला, टोचायला शिकवतात, असं नर्सनं सांगितलं. समोर एक बाई बसली होती, मांडीवर चार-पाच वर्षांचा मुलगा. सबनीस बाई काचेची सिरिंज हातात धरून तिला मोठ्यानं आणि अगदी सावकाश समजावून देत होत्या. औषध कुठवर भरायचं, बुडबुडा कसा काढायचा, ते ठेवायचं कुठं. ती बाई मान डोलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "ह्येच्यावर पाला न्हाई का बाई? आमच्या तिकडं मिरजगावच्या बाजारात मिळतो म्हनत्यात."

"नाही," सबनीस बाई म्हणाल्या. "पाला द्यायचा नाही. मरेल तो."

ती बाई दचकली. मुलाला पटकन खांद्यावर टाकून उठली. "वंगाळ बोलू नका लेकराला," म्हणाली आणि तरातरा चालायला लागली. औषधाची बाटली टेबलावरच राहिली. सबनीस बाई ती उचलून तिच्या मागं धावल्या. मीही आईला बाकावर बसवून बाहेर आले. फाटकापाशी टांगा होता, त्यात ती मुलाला घेऊन चढली आणि टांगा निघाला. बाई हाका मारत थोड्या अंतरापर्यंत पळाल्या. मग दम लागून रस्त्यातच उभ्या राहिल्या. सायकलवाले घंटा वाजवत बाजूनं जात होते.

मी जवळ जाऊन हाक मारली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. केस सुटले होते. एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्या हातात सिरिंज.

"मिरजगावची गाडी कुठून सुटते हो?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "बाई, अहो मी आहे."

"हो, हो," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "गाडी कुठून सुटते?"

मी स्टँडच्या दिशेनं हात केला. त्या रस्त्याच्या कडेनं, बाटली पदराखाली सावलीत धरून, भरभर चालत गेल्या.